काळू भांड्याला तोंड लावत नाही

प्रश्न : आमचा कुत्रा काळू नऊ वर्षांचा आहे, वजन साधारण 18 किलो. पाच दिवसांपासून त्याचं खाणं खूप कमी झालंय. आधी कोरडं खाणं निम्मं ठेवायचा, आता नुसतं हुंगतो आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसतो. परवा उकडलेलं चिकन हातातून खाल्लं, काल तेही नको झालं. दोनदा सकाळी पिवळसर फेस ओकला. पाणी पितो. फिरायला येतो, पण लवकर परततो. झोपही वाढली आहे. घरातले त्याच्या तोंडात घास कोंबतात, मला ते बघवत नाही. मागच्या पायाने लंगडत होता म्हणून दहा दिवसांपूर्वी त्याला वेदनाशामक गोळी सुरू केली, ती रोज चिकनच्या तुकड्यात लपवून देतो. भूक वाढवणारं एखादं टॉनिक सांगाल का?

उत्तर : टॉनिकचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जवळजवळ शेवटी, जाता जाता लिहिलं आहे : दहा दिवसांपूर्वी सुरू झालेली वेदनाशामक गोळी. पुढचा डोस देण्याआधी ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा, ‘गोळी सुरू केल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी खाणं सुटलं, दोनदा फेस ओकला.’ त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत डोस थांबवा.

कुत्र्यांना सांध्यांच्या दुखण्यासाठी बहुधा कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकॉक्सिब या गटातली औषधं दिली जातात. ती चांगली आहेत आणि असंख्य म्हाताऱ्या कुत्र्यांचं चालणं-फिरणं त्यांच्यावरच सुरू आहे. पण ही औषधं शरीरातली ज्या रसायनांची निर्मिती कमी करून वेदना आणि सूज उतरवतात, त्याच रसायनांवर जठराच्या अस्तराचं संरक्षण आणि मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा अवलंबून असतो. त्यामुळे काही कुत्र्यांच्या पोटात आधी जळजळ आणि मग व्रण होतो, काहींच्या मूत्रपिंडावर किंवा यकृतावर ताण येतो. या सगळ्याची पहिली खूण बहुतेक वेळा एकच असते : खाण्यावरची वासना उडते. उलटी, पातळ किंवा डांबरासारखी काळी शी, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक ही लक्षणं नंतर येतात. त्यांची वाट बघायची नसते.

गोळीच्या पाकिटावरचं नाव मात्र नीट वाचा. ती प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी असेल, तर ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. तिचा डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवावा लागतो. (स्टेरॉइडने एरवी भूक वाढते. ते घेऊनही कुत्रा जेवत नसेल तर तेही डॉक्टरांना लगेच कळवायला हवं.) वेदनाशामक आणि स्टेरॉइड दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर जठराचा धोका फार वाढतो, म्हणून सध्या जी जी औषधं पोटात जात आहेत त्यांची यादी फोनवरच वाचून दाखवा. घरातल्या कुणी माणसांची गोळी दिली असेल, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा पॅरासिटामॉल, तर संकोच न करता तेही सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने ही एक गोष्ट लपवली जाते आणि नेमक्या त्याच माहितीवाचून उपचार उशिरा सुरू होतात.

गोळी थांबल्यावर पाय पुन्हा दुखू शकतो. तेवढे दिवस जिने, उड्या, चेंडूचा खेळ बंद; घसरत्या फरशीवर चटई टाका; फिरणं पाच-पाच मिनिटांचं, पट्ट्याला धरून. पहिली गोळी बंद करून लगेच दुसऱ्या कंपनीची वेदनाशामक गोळी सुरू करू नका. दोन औषधांमध्ये काही दिवसांची मोकळीक लागते आणि ती किती हे डॉक्टरच ठरवतील.

आता दुसरी शक्यता. लंगडणं आणि न खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तुम्ही गृहीत धरलं आहे. त्या एकाच आजाराची दोन टोकंही असू शकतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापांत, विशेषतः एर्लिकिया आणि अॅनाप्लाझ्मा या जंतूंच्या संसर्गात, सांधे सुजतात, कुत्रा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो, सुस्तावतो आणि खाणं सोडतो. म्हणून काळूच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवून गोचीड आहे का बघा. सापडली नाही म्हणून ही शक्यता संपत नाही, कारण ती चावून केव्हाच गळून पडलेली असू शकते. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. चिरडू नका, तेल किंवा काडेपेटी वापरू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी चार गोष्टी पाहून कागदावर लिहून ठेवा. त्या आकड्यांमुळे फोनवरचं बोलणं ‘जरा मलूल वाटतो’ याच्या पुढे जातं.

पहिली, ताप. नाक गरम की थंड यावरून काहीही कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला पेट्रोलियम जेली लावा, एकाला काळूचं डोकं आणि छाती धरायला सांगा, शेपटी उचला आणि टोक गुदद्वारात सुमारे दोन सेंटिमीटर आत सरकवा. निरोगी कुत्र्याचं तापमान 38.3 ते 39.2 सेल्सिअस, म्हणजे साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या मानाने हा ताप वाटतो, पण त्याला तो नाही. 103 च्या वर असेल तर आजच दाखवा; 104 च्या वर किंवा 99 च्या खाली असेल तर आत्ताच निघा.

दुसरी, हिरड्या. वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठसा उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. हिरडी पांढरट, पिवळट किंवा विटकरी दिसली, बोटाला चिकट लागली किंवा रंग यायला वेळ लागला तर ती गंभीर खूण आहे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. अशा वेळी खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा.

तिसरी, श्वास. गाढ झोपेत असताना छातीची वर-खाली होणारी हालचाल तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आकडा तिसाच्या आत असायला हवा. पुन्हा पुन्हा मोजूनही तो जास्तच भरत असेल तर कळवा.

चौथी, पाणी. ‘पितो’ एवढं पुरेसं नाही, किती पितो ते हवं. सकाळी मोजून भांडं भरा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा (त्यासाठी तपासणी मात्र लांबवू नका). 18 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 900 ते 1,100 मिलीलीटर पाणी लागतं आणि त्यातलं काही ओल्या खाण्यातून जातं. आकडा 1,800 च्या वर गेला, म्हणजे किलोमागे 100 मिलीलीटरपेक्षा जास्त झाला, तर मूत्रपिंड, मधुमेह, यकृत यांच्याकडे लक्ष जायला हवं. नऊ वर्षांच्या कुत्र्याचं खाणं कमी आणि पाणी जास्त, ही जोडी अजिबात दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

काळूची एकंदर हकिगत पाहता आमचं स्पष्ट मत असं : त्याला आज, फार तर उद्या सकाळी दाखवायला हवं. पण पुढच्यापैकी काहीही दिसलं तर रात्रसुद्धा काढू नका : काळी किंवा रक्ताची शी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण, पाणीही न टिकणं, पोट फुगून टणक होणं आणि ओकाऱ्या येऊनही काहीच बाहेर न पडणं, पुढचे पाय ताणून मागचा भाग वर करून उभं राहणं, तोल जाणं, हिरड्या पांढऱ्या पडणं. पोट फुगलेलं आणि कोरड्या ओकाऱ्या हे तर जठराला पीळ बसल्याचं लक्षण असू शकतं. तिथे तासाचाही हिशेब असतो.

तब्येत एरवी ठणठणीत असलेल्या मोठ्या कुत्र्याने एक दिवस खाल्लं नाही तर चोवीस तास नजर ठेवून थांबता येतं. पिल्लू असेल, विशेषतः लहान चणीचं, तर बारा तासही खूप झाले, कारण त्याची साखर झपाट्याने उतरते आणि लस पूर्ण झाली नसेल तर पार्वो या विषाणूच्या आजाराची भीती असते. इन्सुलिनवर असलेला कुत्रा जेवला नाही तर नेहमीचा पूर्ण डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागतं. नसबंदी न झालेल्या मादीने माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत खाणं सोडलं, पाणी मात्र वाढलं, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं; स्राव दिसलाच पाहिजे असं नाही.

‘खात नाही’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि तुमची खरी गल्लत इथे होते आहे. एक, भूक आहे पण खाता येत नाही : भांड्याकडे धावत येतो, घास घेतो, टाकतो, एकाच बाजूने चावतो, पंजाने तोंड घासतो, लाळेला घाण वास येतो. हे दात, हिरड्या, जीभ, जबडा किंवा मानेचं दुखणं. डोळ्याखाली सूज आली तर वरच्या दाढेच्या मुळाशी गळू झालेला असू शकतो. दोन, खायची इच्छाच मेली आहे : हुंगतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो, मान फिरवतो, गवत खातो. ही मळमळ. तीन, भूक आहे, पण हे नको, ते हवं : भांड्यातलं सोडतो, तुमच्या ताटाकडे टक लावतो आणि खाऊ मिळाला की तरतरीत होतो. ही सवय. तुमच्या वर्णनावरून काळू दुसऱ्या गटातला दिसतो. ‘चोचले वाढलेत, उपाशी ठेवा म्हणजे येईल ताळ्यावर’ असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तो तिसऱ्या गटासाठी आहे, आणि तोही तपासणीत सगळं ठीक निघाल्यावर.

मळमळ चालू असताना कोंबलेला घास दोन प्रकारे घात करतो. एक म्हणजे तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो; आडवा धरून किंवा मान वर करून भरवताना हे विशेष घडतं. दुसरा घात सावकाश होतो. मळमळताना जे तोंडात गेलं, त्याच्या वासाशी मळमळ जोडली जाते आणि पुढे पोट बरं झालं तरी कुत्रा त्या खाण्याला शिवत नाही. परवा खाल्लेलं चिकन काल नको झालं, यामागे बहुधा हेच असावं : त्याच चिकनमधून रोज ती गोळी गेली आहे. म्हणून कोंबणं आजपासून बंद, आणि निदान आठवडाभर चिकनलाही सुट्टी. यापुढे गोळी कशात लपवायची असेल तर त्यासाठी एक वेगळा पदार्थ ठेवा, जो जेवणात कधीच येणार नाही. आणि लपवण्याआधी औषध जेवणासोबत द्यायचं की रिकाम्या पोटी, हे विचारून घ्या.

भांडंही दिवसभर समोर ठेवू नका. सतत येणारा वास मळमळणाऱ्या जिवाला आणखी छळतो. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर न बोलता उचला, तीन-चार तासांनी ताजं द्या. सगळं घर भोवती जमून ‘खा रे, खा’ करतं, तेही टाळा. एकच माणूस, शांत जागा, दुसरं जनावर असेल तर दाराबाहेर.

काय द्यायचं? उलटी थांबलेली असेल आणि डॉक्टरांनी ‘खायला द्या’ म्हटलं असेल, तेव्हाचा हिशेब असा. आराम करणाऱ्या कुत्र्याला लागणारी ऊर्जा काढायचं सोपं सूत्र आहे : वजनाच्या किलोला 30 ने गुणा आणि 70 मिळवा. काळूसाठी हे झालं 610 किलोकॅलरी. मऊ शिजवलेला भात दोन भाग आणि उकडलेलं, कातडी-हाडं नसलेलं पांढरं मांस एक भाग, असं मिश्रण केलं तर 100 ग्रॅममध्ये साधारण 140 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसाला सुमारे 430 ग्रॅम. पण पाच दिवस अर्धपोटी राहिलेल्या पोटावर हे सगळं एकदम टाकायचं नाही. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, 140 ग्रॅम, चार वेळांत वाटून, म्हणजे दर वेळी जेमतेम दोन-तीन मोठे चमचे. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश. तिसऱ्या दिवशी पूर्ण. चिकनला सध्या सुट्टी दिली असल्याने टर्की किंवा बिनकाट्याचा पांढरा मासा घ्या. मीठ, मसाला, तेल, लोणी काही नको. चरबीने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी मूत्रपिंडासाठी किंवा यकृतासाठी वेगळा आहार सांगितला तर अर्थातच तोच.

खाणं कोमट हवं, साधारण 37-38 अंश, मनगटाला लावल्यावर ना गरम ना गार. कोमट अन्नाचा वास जास्त दरवळतो आणि म्हाताऱ्या कुत्र्याला नाकावरच जेवायचं असतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर नीट ढवळा, कारण मध्येच एखादा भाग जीभ पोळण्याइतका तापलेला राहतो. कोरड्या खाण्यावर कोमट पाणी टाकून दहा मिनिटं भिजवलं तरी बराच फरक पडतो. मात्र मळमळ जोरात असताना काही कुत्र्यांना हाच वास सोसत नाही आणि ती फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेलं खाणं जास्त सहज घेतात. दोन्ही करून बघा, काळूच सांगेल. मांसाचं पाणी घालायचं असेल तर घरीच काढा. तयार सूपमध्ये आणि पावडरीत जवळजवळ हमखास कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल ही गोडी असलेलं काहीही ‘निदान हे तरी खाईल’ म्हणून देऊ नका. माणसांच्या साखरविरहित पदार्थांत झायलिटॉल असू शकतं, तेव्हा डब्यावरची घटकांची यादी वाचा.

सकाळचा पिवळा फेस म्हणजे पित्त. रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जठरात ते मागे येतं. काही कुत्र्यांमध्ये एवढंच कारण असतं आणि रात्री झोपण्याआधी चार चमचे खाणं दिलं की ते थांबतं. काळूच्या बाबतीत गोळीचा संशय फिटेपर्यंत इतक्या सोप्या उत्तरावर थांबू नका.

तपासणीला जाताना गोळीचं पाकीट, वरचे चार आकडे, आणि उलटी-शीचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन जा. डॉक्टर बहुधा रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड-यकृताची तपासणी, लघवी, गोचिडतापाची चाचणी सांगतील. पोट दुखतंय असं वाटलं तर सोनोग्राफी, आणि लंगड्या पायाचा एक्स-रेही. वयाचा विचार करता यातली कुठलीच तपासणी जास्तीची नाही. पाय दाबून पाहताना तोंडही पूर्ण उघडून बघायला सांगा. वजन त्यांच्या काट्यावर करा आणि लिहून ठेवा. 18 किलोचा काळू 16.2 वर आला असेल तर दहा टक्के घट झाली आणि ती मोठी आहे.

आणि तुमचं टॉनिक. जीवनसत्त्वांच्या बाटलीने व्रण भरत नाही, ताप उतरत नाही. मळमळ थांबवणारी खरी औषधं आहेत, मॅरोपिटंट हे त्यातलं नेहमी वापरलं जाणारं. भूक जागी करणारं कॅप्रोमोरेलिनही आहे, जे भुकेच्या संप्रेरकाची नक्कल करतं. ही डॉक्टर देतात, आणि मळमळ थांबली की कित्येकदा भुकेसाठी वेगळं काही लागतच नाही. कारण न शोधता नुसती भूक चाळवली, तर आजार आत वाढत राहतो आणि भांडं रिकामं दिसल्यामुळे घरच्यांना वाटतं, बरा झाला.

गोळी, ताप, दात, रक्त सगळं तपासून निर्दोष निघालं, तर मग खाण्याच्या पिशवीकडे बघा. कोरड्या खाण्यातली चरबी हवेने खवट होते; उघडलेली पिशवी सहा आठवड्यांत संपवावी. पिशवीतलं खाणं डब्यात ओतून डबा न धुता पुन्हा पुन्हा भरला, तर तळाची जुनी चरबी नव्या खाण्यालाही लागते. पिशवीसकट डब्यात ठेवणं चांगलं. प्लॅस्टिकच्या भांड्याला वास धरतो, साबण नीट न धुतल्याचाही वास राहतो. मान किंवा कंबर दुखणाऱ्याला खाली वाकणं नकोसं होतं. भांडं थोडं उंचावर ठेवून बघा, पण कुत्रा मोठ्या चणीचा, खोल छातीचा असेल तर डॉक्टरांना विचारून.

भात-मांसाचं मिश्रण चार-पाच दिवसांच्या पलीकडे नेऊ नका, त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी असतं. शी बांधून होऊ लागली आणि तीन दिवस नीट जेवला, की नेहमीचं खाणं पाव भाग मिसळा, दोन दिवसांनी निम्मं, पुढचे दोन दिवस पाऊण, आणि आठवड्याअखेर पूर्ण. मध्येच थांबला तर एक पायरी मागे या. पायासाठी डॉक्टरांनी नवं औषध सुरू केलं, तर पहिले दोन आठवडे रोजचं खाणं ग्रॅममध्ये लिहा. लागोपाठ दोन वेळा त्याने निम्मं ठेवलं, तर पुढच्या डोसआधी फोन करा.